लाल दिव्यावरची चिकटपट्टी

लोवेल यॉस्टने स्वतःच्या आईचं घर जाळलं. गुन्हा वगैरे काही नाही त्यात. घर त्याच्या नावावर होतं, आई वृद्धाश्रमात राहायला गेली होती, आणि जाळलं ते माझ्या बाबांच्या माणसांनीच, रीतसर, शनिवारी सकाळी, लख्ख उन्हात, डोनट खात खात.

आमच्या केटल फोर्क गावात आग विझवणारे पगारी नाहीत. कोणी टायर बदलतं, कोणी शाळेची बस चालवतं, भोंगा झाला की सगळे धावतात. बाबा त्यांचे चीफ. या लोकांना सरावाला खरं घर लागतं. मग गावात कोणाला जुनं घर पाडायचं असलं की तो ते यांना देऊन टाकतो. हे आधी आत शिरून धुरात रांगतात, शिड्या लावतात, आणि शेवटी घर पूर्ण जळू देतात. गाव खुर्च्या घेऊन बघायला येतं.

तर लोवेल. पन्नाशीचा, पाठीवर पांढरी शेंडी, बारा महिने एकच खाकी जाकीट. पोटासाठी लग्नांचे व्हिडिओ काढायचा आणि उरलेल्या वेळात सिनेमे करायचा. स्वतःचे, कोणाच्या दारात न जाता. स्टुडिओ नाही, नट नाहीत, परवानगी नाही. गावातली माणसं उभी करायची आणि कॅमेरा डेनीने चालवायचा. डेनी पॅपस म्हणजे त्याचा शाळेपासूनचा मित्र, इतका गरीब स्वभावाचा की त्याचा कुत्रासुद्धा त्याचं ऐकायचा नाही.

लोवेलची पद्धत एकच होती, माणसाला गोष्ट सांगायचीच नाही. "नट रडतो तेव्हा तो रडायचं काम करत असतो," असं तो म्हणायचा. "मला काम नको. मला रडणं पाहिजे." म्हणून त्याने कॅमेऱ्यावरच्या लाल दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून ठेवली होती. रेकॉर्डिंग चालू झालं की तो दिवा लागतो ना, तो कोणाला दिसताच कामा नये. चालू आहे की बंद, हे फक्त लोवेलला माहीत.

पहिल्या सिनेमात त्याने गॉर्डी नावाच्या शेजाऱ्याला घेतलं. शूटिंगच्या सकाळी गॉर्डीचा म्हातारा कुत्रा अंगणात मरून पडलेला लोवेलला दिसला. याने काय करावं? कुत्रा पोत्यात घालून गाडीच्या डिकीत ठेवला. दुपारी गॉर्डी कॅमेऱ्यासमोर बसून बीन्स खात होता तेव्हा पोतं आणून त्याच्या पायाशी ठेवलं. तो चेहरा सिनेमाच्या पोस्टरवर आला! एका पेपरने लिहिलं, इतकं खरं दुःख पडद्यावर क्वचितच दिसतं. गॉर्डी अजूनही लोवेल दिसला की रस्ता ओलांडतो.

दुसऱ्या सिनेमात त्याची बायको होती, ट्रीना. स्वयंपाकघरातला सीन. हा म्हणाला, "ट्रीना, मला तुझ्याबरोबर राहायचं नाही, मी वकिलाशी बोललोय." ती म्हणाली, "चांगला संवाद आहे, पण एवढा सपाट नको म्हणूस, नाहीतर मला हसू येतं." त्याने परत म्हटलं. ती परत हसली. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ती हसता हसता थांबली. तो थांबण्याचा शॉट! त्या सिनेमाला बक्षीस मिळालं, लोवेल चांगला कोट घालून घ्यायला गेला, आणि परत आला तेव्हा घरात फ्रिजसुद्धा नव्हता.

मग तिसरा सिनेमा. त्यात खरे नट आणले, शिकागोचे. त्यांना रड म्हटलं की रडायचे, थांब म्हटलं की थांबायचे आणि सँडविच मागायचे. तो सिनेमा कोणीच घेतला नाही. कुठल्याच फेस्टिव्हलने नाही. लोवेल वर्षभर लग्नं काढत बसला आणि दारू प्यायला की म्हणायचा, "एक राहिलाय माझ्यात. एकच. तो झाला की मेलो तरी चालेल."

आता त्याच्याजवळ माणूस तरी कोण उरलं होतं? आई. अर्लीन यॉस्ट. आख्ख्या गावाला तिने शाळेच्या खाणावळीत जेवू घातलेलं, कुस्करलेल्या बटाट्याचा डाव ताटात आपटायची आणि म्हणायची, "खा, नाहीतर उंची वाढणार नाही." माझ्या बाबांनाही म्हणायची, मलाही. लोवेल तिचा एकुलता एक. त्याचे सिनेमे तिला कळायचे नाहीत पण प्रत्येक सिनेमाचं पोस्टर तिने फ्रेम करून लावलं होतं, गॉर्डीचं रडतानाचंसुद्धा.

तर चौथा सिनेमा म्हणजे एका म्हातारीची गोष्ट, जिचं घर तिच्या डोळ्यांसमोर जळतं. शेवटचा शॉट असा. म्हातारी रस्त्यापलीकडे गाडीत बसलेली, कॅमेरा गाडीच्या बॉनेटवर घट्ट बसवलेला, समोरच्या काचेतून तिचा चेहरा दिसतोय आणि त्याच काचेवर जळणाऱ्या घराचं प्रतिबिंब. चेहरा आणि आग एकाच काचेत. मी तो शॉट त्याच्या वहीतल्या चित्रात बघितला होता आणि खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला होता. आणि तो एकदाच घेता येणार होता. घर काय परत परत जळत नाही.

आईला त्याने सांगितलं, "धुराचं यंत्र लावणार आहोत, आई. धूर येईल, नुसता धूर. तू गाडीत बसून बघायचंस."

"आणि घराला काही होणार नाही ना?"

"घराला काय होणार? सिनेमा आहे."

गावाला त्याने उलटं सांगितलं. आईला सगळं माहीत आहे, तिचीच कल्पना आहे, म्हणाला. बाबांनी दोनदा विचारलं, "अर्लीनला सांगितलंयस ना रे?" तर म्हणे, "चीफ, तीच म्हणाली, पाडण्यापेक्षा कामी येऊ दे." आणि मग त्याने सगळ्यात हुशार गोष्ट केली. सकाळी जमलेल्या सगळ्यांना हात जोडून सांगितलं, "कृपा करून आज आईशी घराबद्दल काही बोलू नका. ती भूमिकेत शिरलीय. मोठे नट करतात तसं. तिची तंद्री मोडली तर शॉट गेला."

लोक काय, सिनेमावाल्याचं ऐकतात. सगळे तिच्याकडे बघून नुसते हसत होते, अंगठे दाखवत होते. चर्चमधली शर्ली बटाट्याचं सॅलड घेऊन आली होती, तिला राहवलं नाही. गाडीच्या खिडकीशी वाकून म्हणाली, "अर्लीन, किती धीराची गं तू."

"धीर कसला," अर्लीन म्हणाली, "नुसतं बसायचंय. आणि पडदे बघ ना माझे! काल लोवेलने वृद्धाश्रमात आणून दिले, मी इस्त्री करून दिले. सिनेमात दिसणार म्हटल्यावर चुरगळलेले कसे चालतील?"

शर्ली रडायला लागली. अर्लीनने तिला पर्समधला रुमाल दिला. आता बोला.

लोवेलने सगळ्यांचे फोन गोळा केले. सोड्याच्या बाटल्या ठेवायच्या कूलरमध्ये टाकून झाकण लावलं. "एकाही फोनची काच चमकली तर ती गाडीच्या काचेवर दिसणार आणि माझा शॉट मरणार." कोणीतरी मागून ओरडलं, "लोवेल, माझा डोनट चमकतोय, खाऊन टाकू का?" सगळे हसले. तो नाही हसला. तो आईच्या खिडकीशी गेला.

"आई, तीन गोष्टी. कॅमेऱ्यात बघायचं नाही. बोलायचं नाही. आणि मी कट म्हणेपर्यंत गाडीतून उतरायचं नाही. काही झालं तरी. उतरलीस तर संपलं माझं सगळं."

"नाही उतरणार रे बाळा."

"काही झालं तरी?"

"म्हटलं ना."

घरात पेंढा आणि लाकडी फळ्या रचलेल्या. बाबांनी हात वर केला. त्या मिनिटाला बंबाचं इंजिन इतकं घरघरत होतं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. डेनीने बॉनेटवर वाकून बटण दाबलं, ओरडला, "चालू केलाय!" आणि बाजूला झाला. लोवेलला ते ऐकूच आलं नाही. तो दुसऱ्या बाजूने आला, काचेवर बोटाचा डाग होता तो जाकिटाच्या बाहीने पुसला, अंगठ्याने बटण दाबलं, आणि पळत मागे छोट्या स्क्रीनपाशी जाऊन बसला.

बटण एकदा दाबलं की चालू, दुसऱ्यांदा दाबलं की बंद. बस, एवढंच. दिव्यावर चिकटपट्टी. स्क्रीनवर चित्र तर दिसतच असतं, कॅमेरा बंद असला तरी, आणि कोपऱ्यातल्या खुणेकडे बघतंय कोण.

घर पेटलं.

आधी धूर. अर्लीन हसली, खरंच छान हसली, आपल्या मुलाचं यंत्र किती चांगलं चालतंय म्हणून. मग खालच्या खिडकीत केशरी झालं. मग पडदा पेटला, खालून वर सरसर गेला, आणि तिचा चेहरा बदलला.

मी स्क्रीनपाशी लोवेलच्या मागेच उभी होते. तसा चेहरा मी कुठे बघितला नाही आणि बघायचाही नाही. ती आधी घराकडे बघत होती, मग डावीकडे, मग उजवीकडे, कोणीतरी काहीतरी करेल म्हणून, बंब तर तिथेच होता, माणसं पाईप धरून उभी होती आणि कोणी पाणी मारत नव्हतं! तिने दाराच्या कडीवर हात ठेवला. ठेवला आणि काढून घेतला. कट म्हटलं नव्हतं ना अजून. मग ती सरळ कॅमेऱ्यात बघायला लागली, त्यात लोवेल असेल म्हणून. तोंडाने काहीतरी म्हणत होती. काचेतल्या ज्वाळा तिच्या गालांवरून वर चढत होत्या.

"ओह," लोवेल म्हणत होता, "ओह, बघ. बघ तिला. असंच. असंच, आई." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आनंदाचं.

बाबा गाडीकडे निघाले. लोवेलने त्यांची बाही धरली.

"चीफ, शॉट चालू आहे."

"ती रडतेय, लोवेल."

"अभिनय आहे."

"अर्लीनचा? अरे, तिला साधं खोटं बोलता येत नाही."

"एक मिनिट. फक्त छप्पर पडू दे."

आणि बाबा थांबले. माझे बाबा, जे दुसऱ्याच्या मांजरासाठी झाडावर चढतात. सिनेमा आहे म्हटल्यावर माणसाला काय होतं कोण जाणे. छप्पर पडलं, ठिणग्यांचा केवढा तरी लोट उठला, लोक टाळ्या वाजवायला लागले. लोवेल "कट!" म्हणून किंचाळला, धावत जाऊन बटण दाबलं आणि गाडीचं दार उघडलं.

म्हणजे त्याने कॅमेरा बंद केला असं त्याला वाटलं. चालू झाला तो तेव्हा.

"आई! काय केलंस तू! कोणी केलं नसेल असं जगात!"

"लोवेल, घर पेटलं."

"हो!"

"खरं पेटलं."

"खरंच पेटवायचं होतं. तुला सांगितलं असतं तर तू असं केलं असतंस का?"

"कोणी पेटवलं?"

"मी. म्हणजे आम्ही. आई, ऐक, तुझा चेहरा..."

"माझे पडदे होते आत."

"पडद्यांचं काय घेऊन बसलीस! तुला कल्पना नाही तू काय दिलंयस मला."

तिने मग खाली वाकून आपली पर्स उचलली आणि मांडीवर नीट ठेवली. एवढंच. लोवेलने तिचं डोकं दोन्ही हातांनी धरून कपाळाचा मुका घेतला, आणि डेनीला ओरडून सांगितलं, "दाखव!"

डेनीने कॅमेरा उघडला आणि त्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. आत दोन तुकडे. पहिला इतका छोटा की त्यात फक्त अर्लीन पर्स बंद करतेय, खाकी बाही काचेवर फिरतेय आणि एक अंगठा येतोय. अंगठ्याला पट्टी बांधलेली. पेंढा रचताना लोवेलला कापलं होतं ना, ती पट्टी. दुसरा तुकडा, दार उघडल्यापासूनचा. मधलं काही नाही. आग नाही. तो चेहरा नाही.

"तू बटण दाबलं नाहीस!" लोवेल डेनीच्या अंगावर धावला.

"दाबलं होतं. तू परत दाबलंस."

"गाढवा! आयुष्यात एक काम होतं तुला, एक बटण! माकडाला येतं ते!"

"लोवेल, तुझा अंगठा आहे हा."

"माझ्या कुठल्याच सिनेमात तुझं नाव यायला नको होतं! तू कॅमेरामन नाहीस, तू स्टँड आहेस, समजलं? तीन पायांचा स्टँड!"

डेनीने कॅमेऱ्यावरची काळी चिकटपट्टी नखाने सोलून काढली, लोवेलच्या जाकिटाच्या खिशावर चिकटवली, आपल्या गाडीत बसला आणि गेला. त्यानंतर दोघं बोललेले नाहीत. डेनी आता फर्निचरच्या दुकानात डिलिव्हरी करतो आणि म्हणतो, सोफा तरी जिथे ठेवला तिथे राहतो.

लोवेल बाबांकडे गेला. "चीफ, अजून थोडी आग आहे. पेंढा टाका, पुढचा भाग परत पेटेल."

"आता फक्त पाणी," बाबा म्हणाले, आणि पाईप सोडला. राखेचा काळा चिखल वाहत रस्त्यावर आला.

मग तो आईकडे गेला. गुडघ्यांवर बसला, गाडीच्या दारात. "आई, परत करशील? मघासारखं? आग नंतर जोडता येईल काचेवर, फक्त चेहरा दे. तसाच."

अर्लीन त्या चिखलाकडे बघत होती. "कुठे बघू?" तिने विचारलं.

शप्पथ, असंच विचारलं.

"कॅमेऱ्यात. मघाशी बघितलंस तसं."

त्याने बटण दाबलं. चिकटपट्टी नव्हती, लाल दिवा लागलेला तिला दिसला. "हा लागला म्हणजे चालू?"

"हो, आई. चालू."

"आणि नाही लागला म्हणजे बंद."

"हो, हो. कर आता."

आणि ती हसली. शाळेच्या ग्रुप फोटोत हसते तसं, दात दाखवून, मान जराशी तिरकी करून. लोवेल ओरडला, "हसतेस काय! रड!" ती हसतच राहिली. दिवा बंद होईपर्यंत. मग तिने खिडकीची काच वर केली.

पण लोवेलचा सिनेमा झाला, हं. झाला आणि गाजला! शेवटी अंगठ्याचा तो पहिला तुकडा, मग आगीच्या जागी त्याने नुसता काळा पडदा ठेवला, त्यावर फक्त बंबाची घरघर आणि लोकांच्या टाळ्या, आणि मग तो दुसरा तुकडा, दार उघडल्यापासूनचा. "माझे पडदे होते आत." टेक्सासच्या एका फेस्टिव्हलला लोक उभे राहिले. कोणी लिहिलं, दिग्दर्शकाने स्वतःलाच राक्षस म्हणून उभं करायचं केवढं धाडस दाखवलंय आणि केवढा अप्रतिम अभिनय केलाय! प्रश्नोत्तरांत एका मुलीने विचारलं, "तुमच्या आईला खरंच माहीत नव्हतं?" तर हा हसून म्हणाला, "अहो, सगळं आधीपासून लिहिलेलं होतं. अंगठासुद्धा." तो व्हिडिओ गावात सगळ्यांनी बघितला. शाळेच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला तेव्हा टाळ्यांच्या आवाजापाशी बाबा उठून बाहेर गेले, पार्किंगमध्ये उभे राहिले, आणि मी हाक मारली तरी आत आले नाहीत.

रविवारी मी वृद्धाश्रमात जेवण वाढते, म्हणून पुढचं मला माहीत आहे.

लोवेल बक्षीस घेऊन आला तेव्हा अर्लीन टीव्हीवर लिलावाचा कार्यक्रम बघत होती. त्याने बक्षीस टेबलावर ठेवलं. तिने ते जरा बाजूला सरकवलं, टीव्ही दिसेना म्हणून. तो बोलत राहिला, ती बघत राहिली टीव्ही. पुढच्या रविवारी तेच. फुलं आणली, तेच. चेरी भरलेली पेस्ट्री आणली, तिने खाल्ली, पण बोलली माझ्याशी. "कवच जरा जाड झालंय गं," म्हणाली.

मग एक दिवस तो कॅमेरा घेऊन आला. कशाला ते मला माहीत नाही, पुढचा सिनेमा डोक्यात असेल. आल्या आल्या लावला, लाल दिवा लागला आणि अर्लीनने टीव्ही बंद केला.

"लोवेल! ये रे बाळा. किती वाळलास. जेवलास का काही?" त्याचा हात हातात घेतला. केस मागे सारले. तो लहान असताना बटाट्याच्या पातेल्यात कसा पडला होता ते सांगितलं, तो हसला, तीही हसली. लोवेल ढसाढसा रडला. मी ट्रे घेऊन दारात उभी होते, मलाही रडू आलं, वेडी मी. म्हटलं मिटलं सगळं. त्याने नाक पुसलं, कॅमेरा बंद केला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवायला वाकला.

तिने मांडी बाजूला घेतली आणि टीव्ही लावला.

"आई?"

लिलाव चालू होता. एका घड्याळावर बोली लागली होती.

तेव्हापासून तो दर रविवारी कॅमेरा आणतो. सिनेमा वगैरे काही नाही आता. एकदा त्याने दिव्यावर परत चिकटपट्टी लावून बघितली, म्हणजे कॅमेरा बंद ठेवून चालू आहे असं नुसतं म्हणायचं. तिने चष्मा लावला, वाकली, नखाने चिकटपट्टी काढली आणि त्याच्या हातात ठेवली. "दिवा दिसत नाही," म्हणाली. दिव्याशिवाय ती त्याच्याशी बोलली ते तेवढंच.

गेल्या रविवारी मी पुडिंग वाटत होते. दिवा चालू होता आणि ती त्याला छान समजावत होती. "तुझा काय दोष रे त्यात. तू लहानपणापासून असाच. मी तर त्या दिवशी गाडीतच ठरवलं होतं, लोवेल, की मी तुला..."

दिवा विझला. बॅटरी संपली होती.

अर्लीन थांबली. तिथेच, शब्दावर. तोंड मिटलं आणि रिमोट उचलला.

"मला काय, आई? काय ठरवलं होतंस?"

टीव्हीवर कोणीतरी गालिचा उलगडत होतं.

"आई, सांग ना. काय ठरवलंस?" तो बॅग उलटीपालटी करायला लागला, वायरी, कव्हरं, सगळं जमिनीवर. "एक मिनिट. एकच मिनिट, आई, विसरू नकोस." चार्जर सापडला. पलंगामागच्या सॉकेटला वायर पोचत नव्हती म्हणून तो पालथा पडला, अर्धा पलंगाखाली, पांढरी शेंडी धुळीत, आणि एका हाताने कॅमेरा वर धरून बटण दाबत राहिला. दिवा लागत नव्हता.

मी अर्लीनसमोर वाटी ठेवली. तिने पाय जरा वर घेतले, त्याला लागू नयेत म्हणून, आणि मला म्हणाली, "आज व्हॅनिला आहे का? मला दोन दे."